आगीचा वाटा

१

मातीचं एक आहे. ओली असते तेव्हा मोठी असते, वाळली की आकसते आणि भट्टीतून निघाली की आणखी आकसते. चहाचा पेला हवा असेल तर तो चांगला ऐसपैस घडवावा लागतो. नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही. ढब्बूच्या आईलाही वाटलं नव्हतं. पहिल्यांदा भट्टी उघडली तेव्हा ती घाबरून म्हणाली होती, "बाई, ही भांडी आपली नाहीत. कुणीतरी बदलली!"

बाई पोट धरधरून हसल्या होत्या. "आपलीच आहेत गं. आगीनं आपला वाटा घेतला, एवढंच."

तेव्हापासून हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. जेवढं हवं त्याहून मोठं करायचं. आगीचा वाटा आधीच धरून चालायचं.

बाईंच्या स्टुडिओत ती माती चाळायची, भिजवायची, मळायची, फळ्या पुसायची. कामाबरोबर राहायला मागची खोली मिळाली होती. त्या खोलीला बाहेरचं दार नव्हतं. बाहेर पडायचं तर स्टुडिओतूनच, एकाच दारानं. खिडक्या होत्या, पण गजांच्या. दार उघडलं की अंगण आणि अंगणात भट्टी.

ढब्बू चालायला लागली आणि तिच्या आईचा जीव टांगणीला लागला. पोरगी अंगानं गुटगुटीत, म्हणून नाव पडलं ढब्बू, पण पाय वाऱ्याचे. दार दिसलं की भट्टीकडे धूम. शेवटी नवऱ्यानं दाराला आतून, वरच्या बाजूला कडी ठोकली. तो ट्रक चालवायचा. फेरीवर गेला की कधी उगवेल याचा नेम नसे. कडी ठोकताना त्यानं बायकोला दाराशी उभं केलं, हात सरळ वर करायला लावला आणि बोटं पोचली तिथंच खिळा मारला.

"तुझ्या मापाची केली बघ," तो म्हणाला. "लोक कपडे बेतून घेतात. कडी बेतून घेणारी तू पहिलीच."

बाईंना बाहेर जायचं असलं की हाक यायची, "ए पोरी, जरा कडी काढ गं!" बाईंचे हात सदा मातीनं बरबटलेले. कडीला चिखल लागू नये म्हणून आपल्याला बोलावतात, असं तिला वाटायचं.

२

बाईंचं काम कसकसं बदलत गेलं हे बघायचं तर भिंतीवरच्या फळ्या खालून वर पुसत जायचं.

सगळ्यात खालच्या फळीवर बाईंच्या तरुणपणची भांडी होती. चाकावर काढलेली, एकासारखी एक, निळी आणि हिरवी, झिलई अशी की तोंड बघून घ्यावं. प्रत्येक पेल्याच्या कानाखाली अंगठ्याचा एक खळगा. "ती माझी सही," बाई सांगायच्या. त्याच्या वरच्या फळीवर झिलई पातळ झालेली, रंग मातकट. तोवर बाईंनी विजेची भट्टी मोडीत काढून अंगणात लाकडाची बांधली होती. राख उडून भांड्यावर बसेल तोच रंग. त्याच्या वर तर चाकाचंही काम नव्हतं. मातीच्या वळ्या करून एकावर एक रचलेली, वाकडी, खडबडीत भांडी. हाताला जडच लागायची.

"आधी मी मातीला सांगायचे," बाई म्हणायच्या. "मग विचारायला लागले. आता नुसतं ऐकते."

सगळ्यात वरची फळी रिकामी होती. अलीकडे बाईंच्या हातचं काहीच टिकत नव्हतं. त्या सपाट थाळ्या आणि मोठमोठ्या लाद्या करायच्या, त्यांना ना झिलई द्यायच्या ना अंगठ्याचा ठसा, आणि भट्टी मंद आचेवर दिवसच्या दिवस चालवायच्या. मग भट्टी निवायला लागली की आतून आवाज यायचे. टण्. थोडं थांबून पुन्हा टण्. एकेक थाळी तडकायची. चाक बंद पडलं होतं, तरी बाई त्याच्यामागच्या सिमेंटमध्ये पक्क्या बसवलेल्या उंच बैठकीवर बसून ते आवाज ऐकत राहायच्या. त्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. शाळेच्या बाकावरच्या पोरीसारखे हलत राहायचे. ती बैठक कुणाच्या मापानं बांधली होती कोण जाणे.

एक दिवस बाई म्हणाल्या, "ढब्बूचा पाय दे ना जरा. थाळीत उठवते. खळग्यात राख कशी साचते ते बघायचंय."

आई हरखून गेली. लेकराचं पाऊल कायमचं पक्कं होणार, कुठल्या आईला नको वाटेल? तिनं स्वतःच ढब्बूला काखेत धरून पाय मातीवर टेकवला. थंडगार माती लागताच ढब्बूनं पाय आखडला, मग खुदकन हसली. मातीत गुबगुबीत टाच आणि वाटाण्यासारखी पाच बोटं उमटली.

त्या खेपेला भट्टी निवताना एकदाही टण् झालं नाही. सगळ्या थाळ्या अख्ख्या निघाल्या. ढब्बूचं पाऊल तेवढं लहान झालं होतं. आजच जन्मलेल्या बाळाचं वाटावं इतकं.

३

ढब्बूचे बूट वाजायचे. टाच टेकली की पीं, दुसरी टेकली की पीं. माती मळता मळता पोरगी कुठं आहे ते कळायचं म्हणून आईनं हट्टानं तेच घेतले होते. बाई कधी वैतागायच्या, "त्या बुटांचा गळा दाब गं जरा!" पण आईला त्या आवाजानं हायसं वाटायचं.

भट्टी उघडून थोडे दिवस झाले असतील. भर दुपारी तिचे मळणारे हात एकदम थांबले. पीं-पीं ऐकू येत नव्हती.

ती दाराकडे धावली. कडी लागलेली. मागची खोली बघितली. मेजाखाली वाकली. उठून वळते तर ढब्बू मागेच उभी. आई दाराकडे धावली तेव्हापासून मागे मागे फिरत असावी. पायात बूट होते. आई दोन पावलं मागे सरली तशी ढब्बू तिच्याकडे चालत आली. टाच टेकली, उचलली, पुन्हा टेकली. आवाज नाही.

आईनं बुटाची टाच अंगठ्यानं दाबली. पीं.

बूट ठीक होता.

रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बूट ताणले असतील."

"रबरी बूट ताणतात होय?"

"मग पोरगी वाळली असेल. तू कामाच्या नादात माती तर खायला घालत नाहीस ना तिला?"

"अहो, थट्टा नको. पाय आत फिरतोय तिचा."

"अगं, पोरं अशीच. एकदा दबा धरतात, मग एकदम वाढतात. कापूस घाल पुढं."

तिनं कापूस घातला. ढब्बूला दूध वाढवलं, केळं वाढवलं, अंडं वाढवलं. पोरगी नको नको म्हणून मान फिरवायची, तरी आई घास कोंबायची. जेवढं हवं त्याहून मोठं करायचं. हे आपण कुठून शिकलो ते भरवताना तिला आठवायचं नाही.

बाई मात्र गुणगुणायला लागल्या होत्या. आता प्रत्येक थाळीत पाऊल हवं होतं. "तिच्या पायात काय आहे कोण जाणे," त्या म्हणाल्या, "माती ऐकते बघ तिचं." नाही म्हणायला तोंड उघडावं तर डोक्यावरचं छप्पर बाईंचं. आणि कारण तरी काय सांगणार? बूट वाजत नाहीत? तिनं पुन्हा ढब्बूला काखेत धरलं. ती आता अलगद उचलली जात होती.

४

बूट आणले त्या दिवशी तिनं ढब्बूला खोलीच्या चौकटीला टेकवून उभं केलं होतं आणि डोक्यावर ओल्या मातीच्या बोटानं रेघ ओढली होती. रेघ तशीच होती. नवीन थाळ्या भट्टीतून निघाल्यावर एका सकाळी तिनं ढब्बूला पुन्हा तिथं उभं केलं.

रेघ डोक्याच्या वर होती. मध्ये बोटं मावत होती.

तिनं ढब्बूचे गुडघे दाबून सरळ केले. हनुवटी वर केली. मग स्वतःला समजावत बसली. तेव्हा पोरीचे केस जास्त असतील. पण केस कापले कुठं होते? तेव्हा खाली चटई असेल. हो, चटईच असेल. ती उठली, चटई आणली, अंथरली आणि मग आठवलं की चटई मागाहून आली, नवऱ्यानं मागच्या फेरीला आणली.

चौकटीची लाकडं फुगतात. भिंती वर चढत नाहीत. मग रेघ वर कशी गेली?

ओलं फडकं घेऊन तिनं रेघ पुसून टाकली. रेघच नाही तर प्रश्न नाही. पण माती लाकडात मुरते. पुसून वाळलं की रेघ पुन्हा दिसायची.

५

फळ्या पुसायच्या दिवशी तिनं खालच्या फळीवरचा एक निळा पेला उचलला. फडकं फिरवताना तिचा अंगठा कानाखालच्या खळग्यात गेला आणि तिथं हरवला. ठसा मोठा होता. आडदांड माणसाचा असावा तसा.

"बाई, हा अंगठा कुणाचा?"

बाई बैठकीवर बसून वळ्या करत होत्या. कामाचा एप्रन त्यांच्याभोवती दोनदा गुंडाळला जायचा, नाडी पुढं आणून बांधायच्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझाच. तेव्हाचा."

"भाजल्यावर ठसा लहान होतो ना?"

"होतो तर."

"मग तुमचा अंगठा याच्याहूनही..."

"आण इकडं."

तिनं पेला नेऊन दिला. बाईंनी अंगठा एप्रनला पुसला आणि खळग्यात ठेवला. घागरीत पळी ठेवावी तसा तो अंगठा त्यात इकडून तिकडे हलला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाईट वाटत होतं असं नाही. जुना फोटो बघतात तसं बघत होत्या.

"पूर्वी चाकावर बसले की माझे पाय पक्के टेकायचे गं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पेल्यावर सही करायचा सोस होता मला. प्रत्येकावर." मग पेला परत देत हसल्या. "जा, पूस. त्याच्यावर धूळ राहिलीय."

६

त्या दिवशी तिनं नवऱ्याला फोन केला. "आम्हाला न्यायला या. कुठंही न्या. ट्रकमध्ये राहू."

तो कधी नव्हे तो थट्टा विसरला. "ही फेरी टाकून येता येत नाही गं. संपली की सरळ येतो. तू सामान बांधून ठेव. दाराशी हॉर्न वाजवीन."

तेवढ्या दिवसांत ढब्बूच्या पायाला माती लागू द्यायची नाही, बस. तिनं ढब्बूला झोपतानाही मोजे घातले.

भट्टी रचायच्या दिवशी दुपारी ती कच्च्या थाळ्या घेऊन अंगणात आली आणि भट्टीच्या तोंडाशी थबकली. आत, तळाला, फळीएवढी लांब लादी ठेवली होती. लादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लहान लहान पावलं चालत गेली होती.

"झोपली होती गं," मागून बाई म्हणाल्या. "तू न्हाणीत होतीस. मोजे काढले, पुन्हा घातले. कळलंसुद्धा नाही तिला."

तिनं हातातल्या थाळ्या खाली ठेवल्या. "बाई, मी ही लादी पाण्यात टाकते. कच्ची आहे. विरघळेल."

"विरघळेल की. टाक."

ती पुढं झाली.

"पण पोरी," बाई हळूच म्हणाल्या, "ठसा विरघळला तर काय होतं ते मी कधी बघितलेलं नाही. तुला बघायचं असेल तर टाक."

तिचा हात जागीच राहिला.

"फोडते मग."

"फोड. तेही मी बघितलेलं नाही."

बाई लाकडं आणायला शेडकडे गेल्या. ती तिथंच उभी. भाजू द्यावी तर आग वाटा घेणार, एका पावलाचा नव्हे, एवढ्या सगळ्यांचा. ढब्बूचं मग काय उरणार? फोडावी तर कुणाला माहीत काय तडकेल. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आडात आणि विहिरीत पाणी तरी असतं.

मग तिनं चपला काढल्या. फडकं बादलीत बुडवलं आणि वाकून भट्टीत शिरली. आत बाहेरचं ऊन तोंडापुरतं येत होतं. छत पाठीला लागत होतं. तिनं लादीवर ओलं फडकं दाबून धरलं, माती मऊ होऊ दिली आणि पहिल्या लहान पावलावर आपला पाय ठेवून सगळा भार टाकला. पाय उचलला तेव्हा खाली तिचं पाऊल होतं. ढब्बूचं त्याच्या पोटात कुठंतरी गडप झालं होतं. मग दुसरं. मग तिसरं. ती ओणवी होऊन भट्टीच्या आत आत सरकत गेली.

शेवटच्या पावलाशी पोचली तेव्हा अंधारल्यासारखं झालं. मागे टक् असा आवाज आला. वीट विटेवर ठेवल्याचा.

"बाई! मी आत आहे!"

"ठाऊक आहे गं," बाईंचा आवाज आला. "विटा जुळवून बघत होते. ये बाहेर, झालं असेल तर."

ती कोपरं खरचटत बाहेर आली. बाईंनी तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. भट्टीचं तोंड लिंपायला मात्र त्यांनी तिला हात लावू दिला नाही.

७

भट्टी पेटली, धुमसली, निवली. ती दिवसभर कान देऊन असायची. टण् होतंय का? नाही झालं. व्हावं असं वाटायचं आणि होऊ नये असंही.

लादी अख्खी निघाली. राख खळग्यांत साचून काळीभोर झाली होती आणि त्या टोकापर्यंत बाईमाणसाची पावलं गेलेली दिसत होती. लहान कुठंच नव्हती. दोघींनी ती धरून आत आणली आणि फळ्यांखाली भिंतीला टेकवली. बाई तिच्यासमोर बसल्या. एका पावलात त्यांनी आपला तळहात ठेवला.

"मोठा आहे तुझा पाय," त्या म्हणाल्या. "पुष्कळ दिवस पुरेल."

"काय पुरेल, बाई?"

त्यांनी तिच्या गालाला हात लावला, आजारी माणसाला लावतात तसा, आणि वर आपल्या खोलीत निघून गेल्या.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. पीं.

तिला वाटलं भास झाला. पीं. पीं-पीं. ढब्बू धावत आली आणि आईच्या पायांना धडकली. आईनं तिचा बूट काढला. कापसाचा बोळा चेपून आत रुतला होता आणि बोटं लाल झाली होती. तिनं कापूस काढून फेकला आणि ढब्बूला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडली. वजनदार लागत होती पोरगी. हवीहवीशी जड.

मग ती उठून दाराला कडी लावायला गेली. टाचा जराशा उचलाव्या लागल्या. थकलेय, तिनं मनाशी म्हटलं. पाठ भरून आलीय भट्टीत वाकून.

त्यानंतर ताप भरला. अंग नुसतं दुखत नव्हतं, आवळत होतं. उन्हात ठेवलेल्या ओल्या भांड्यासारखं चारी बाजूंनी आत आत ओढ लागली होती. मधूनच जाग यायची तेव्हा वरून बाईंचं गुणगुणणं ऐकू यायचं आणि जवळ ढब्बूची पीं-पीं. ती ऐकून ती पुन्हा डोळे मिटायची. बोटातली अंगठी अंथरुणात कुठं गळून पडली ते कळलं नाही.

८

हॉर्न वाजला तेव्हा ऊन खोलीत आलं होतं. ताप उतरला होता. ती उठली. पायांत चपला सरकवल्या, त्या फटक फटक मागे राहायला लागल्या, म्हणून तशाच टाकून दिल्या. बांधून ठेवलेलं गाठोडं उचलवेना. राहू दे गाठोडं.

स्टुडिओ मोठा वाटत होता. आजारपणानंतर वाटतो तसा, ती मनाशी म्हणाली. खालच्या फळीवरचे निळे पेले डोळ्यांसमोर होते. नेहमी ते पुसायला वाकावं लागायचं.

दारावर थाप पडली. "अगं, आहेस ना? उघड. इंजिन चालू आहे."

"आले," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला.

तिनं हात सरळ वर केला. बोटांना कडी लागली नाही. टाचा उचलल्या. बोटांना दाराचं लाकूड लागलं. तिनं भिंतीला धरून उडी मारली, तरी कडी वरच राहिली.

"काय झालं? कडी काढ ना!"

"हात पुरत नाही."

बाहेर तो हसला. बऱ्याच दिवसांनी तिला त्याचं हसणं ऐकू आलं. "हात पुरत नाही म्हणजे? तुझ्या मापाची केलीय ती. लहान आहेस का तू?"

मागून पीं-पीं करत ढब्बू आली आणि आईशेजारी उभी राहिली. तिचे केस आईच्या खांद्याला लागले. ढब्बूनं कडीकडे बघितलं, मग आईकडे, आणि तिला युक्ती कळल्यासारखे दोन्ही हात वर केले. उचल मला. मी काढते.

आई खाली बसली. ढब्बूच्या काखेत हात घातले, दातओठ खाल्ले आणि जीव एकवटून तिला वर ओढलं.

बुटाची टाच जमिनीवरून किंचित सुटली आणि परत टेकली.

पीं.